क्लास बघायचा तर मंगळवारी

पहिल्या क्लासची फी आम्ही सहा महिन्यांची एकदम भरली, कारण एकदम भरली तर दहा टक्के सूट होती. पाटीवर भरतनाट्यम्, कथक, वेस्टर्न, झुंबा, गिटार, कीबोर्ड आणि सगळ्यात खाली वैदिक गणित एवढं सगळं लिहिलेलं. ती पाटी वाचूनच मी मागे फिरायला हवं होतं. पण क्लास घरापासून चालत सात मिनिटांवर, एसी हॉल, एक अख्खी भिंत आरशाची, आणि माझ्या मोठ्या लेकीला तो आरसा फारच आवडला. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

चार महिन्यांनी त्यांचं ॲन्युअल फंक्शन झालं. माझी लेक तिसऱ्या रांगेत, अंगावर भाड्याचा भरतनाट्यमचा पोशाख, आणि सिनेमाच्या गाण्यावर कमरेवर हात ठेवून चार मिनिटं डोलतेय. पोशाखाचे अठराशे, मेकअपचे पाचशे, व्हिडिओचे वेगळे. घरी आल्यावर सासूबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "छान दिसत होतीस हो. ताल कुठला होता गं?"

"आजी, गाणं स्पीकरवर होतं," मोठी म्हणाली.

उरलेल्या दोन महिन्यांच्या पैशांवर पाणी सोडलं.

पैसे गेले त्यापेक्षा दुसरीच गोष्ट मनाला लागली होती. आम्ही बडोद्याचे. नवऱ्याची ही चौथी पिढी, दांडिया बाजारातली. ज्या गावात सयाजीरावांनी 1886 साली गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, जिथे 1916 मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, त्या गावात मला पोरीसाठी एक धड शिक्षक सापडू नये? सासूबाईंच्या वडिलांनी इथले दरबारगायक फैयाज खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं. ती बैठक आमच्या घरी दर दिवाळीला एकदा तरी सांगितली जाते, आणि दर वर्षी ती अर्ध्या तासाने लांबते. अशा घरातली नात 'गाणं स्पीकरवर होतं' म्हणाली, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी नवऱ्याला माळ्यावरून पेटी खाली काढायला लावली.

मग मी शोधाला लागले. सुरुवात अर्थातच मोबाइलवर. 'जवळचे डान्स क्लास' म्हटलं की साठ-सत्तर नावं येतात, सगळ्यांना साडेचारच्या वर तारे, आणि अभिप्रायांत 'बेस्ट टीचर', 'माझ्या बाळाला खूप मजा आली'. त्यातून काही कळत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर प्रत्येकीने आपलं मूल जातं तोच क्लास सांगितला. साहजिक आहे, फी भरलेली असते.

उपयोग झाला तो सूरसागर तलावाच्या काठचा. आमचं म्युझिक कॉलेज तिथेच. कागदोपत्री ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं परफॉर्मिंग आर्ट्सचं फॅकल्टी आहे, पण रिक्षावाल्याला 'म्युझिक कॉलेज' म्हटलं की पुरतं. मी ऑफिस सुटल्यावर तीन-चार संध्याकाळी तिथल्या चहाच्या टपरीवर उभी राहिले. कुणी खांद्यावर तबल्याची पिशवी घेऊन आलं, कुणी घुंगरांचा डबा घेऊन, की विचारायचं. पहिल्या दिवशी मी चुकीचा प्रश्न विचारला: "इथे चांगलं कोण शिकवतं?" त्यावर सगळे आपापल्या सरांचं नाव घेतात, आणि ते सर मोठ्या मुलांना शिकवणारे. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला: "तू सात-आठ वर्षांचा असताना कुणाकडे जात होतास?" या प्रश्नाने मुलं जरा थांबायची, हसायची, आणि मग कुठल्या तरी गल्लीतल्या, कुठेच जाहिरात नसलेल्या बाईंचं नाव सांगायची. सहा जणांपैकी तिघांनी नाचासाठी एकच नाव घेतलं. तबल्यासाठी दोघांनी एक.

तरी मी डोळे मिटून गेले नाही. एकदा पोळलेली. नियम केला की प्रत्येक ठिकाणी आधी फोन न करता, मधल्या वारी जायचं, आणि दारात बसू देतात का ते विचारायचं. शनिवार-रविवारी आईबापांची वर्दळ असते, मग शिकवणारेही जरा सजून असतात. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला क्लास जसा असतो तसा दिसतो. मला पाचही ठिकाणी मंगळवार जमला नाही, एकदा गुरुवार झाला, पण मुद्दा तोच.

एका ठिकाणी बाई खुर्चीवर बसून फोनवर, आणि बारावीतली एक मुलगी बावीस जणींना शिकवतेय. दुसऱ्या ठिकाणी दारात बसूच दिलं नाही. 'डेमो क्लास शनिवारी, शंभर रुपये'. तिसऱ्या ठिकाणी शिकवणारी खरोखर उत्तम नर्तकी. तिने मुलींना एक तुकडा करून दाखवला तेव्हा मी बघतच राहिले. पण चाळीस मिनिटांत तिची नजर एकदाही मागच्या रांगेतल्या छोट्यांकडे गेली नाही. चौथ्या ठिकाणी पहिल्याच भेटीत अरंगेत्रमचं बोलणं निघालं. चार वर्षांत करून देऊ, हॉल, वादक, पत्रिका, फोटो सगळं आमच्याकडून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: अरंगेत्रम् म्हणजे भरतनाट्यम् शिकणाऱ्याचा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम, सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंत, मधला अर्धा-पाऊण तास तर एकट्या वर्णमचाच, म्हणजे सगळ्यात लांब रचनेचा, धरा. सात-आठ वर्षं शिकल्यावर गुरूला वाटलं तर होतं. ते आता लग्नासारखं झालंय, केटरिंगसकट. मुलीने अजून जमिनीवर पाय आपटला नाही आणि हॉलचं भाडं कसलं विचारायचं?

मधल्या काळात घरी वेगळाच वाद. भरतनाट्यम् की कथक? नवरा म्हणे आपण इकडचे, कथक बरं. सासूबाई म्हणाल्या, इकडचं काय आणि तिकडचं काय, भरतनाट्यम् बडोद्याला शंभर वर्षांच्या वर झाली. ते खरंच आहे. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब, चिमणाबाई, तंजावरच्या. त्यांच्या लग्नानिमित्त तिकडच्या नर्तकी आणि नट्टुवनार, म्हणजे त्यांचे नृत्यगुरू, बडोद्याच्या दरबारात आले आणि इथलेच झाले. पुढे त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर म्युझिक कॉलेजात शिकवत, आणि सी. व्ही. चंद्रशेखरांसारखा माणूस इथे वर्षानुवर्षं प्राध्यापक होता. कथकची बाजूही कमी नाही, जयपूर घराण्याचे सुंदरलाल गंगाणी इथेच शिकवायचे. म्हणजे वाद बरोबरीत सुटला. शेवटी निकाल मोठीने लावला. कथकच्या चकरांनी तिला गरगरतं, आणि भरतनाट्यमात "बेडकासारखं बसायला मिळतं".

तिघांनी नाव घेतलेल्या बेनचा क्लास रावपुऱ्याच्या मागच्या अंगाला, जुन्या घराच्या वरच्या खोलीत. लाकडी जिना, वर लाकडी फळ्यांची जमीन. या जमिनीचं महत्त्व मला नंतर कळलं. काँक्रीटवर बसवलेल्या चकचकीत टाइल्सवर रोज पाय आपटला की टाचा आणि गुडघे बोलायला लागतात. लाकूड थोडं दबतं, धक्का खातं. पहिल्या एसी हॉलमध्ये मोठीच्या टाचा दुखायच्या आणि मी बुटांना दोष देत होते.

मी दारात बसले. आरसा नाही. बेन मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात दांडा. समोर नऊ मुली. ठक, ठक, ठक. "तै या तै, तै या तै." मुली अर्धं बसून एकेक पाय आपटतायत, पहिल्या काळात, मग तेच दुप्पट, मग तेच चौपट. दांड्याची लय जराही हलत नाही. एका छोटीचे गुडघे सारखे पुढे येत होते. बेन ठोका चालूच ठेवून उठल्या, दांडा मोठ्या मुलीच्या हातात दिला, छोटीच्या मागे जाऊन वाकल्या, दोन्ही तळहात तिच्या गुडघ्यांवर ठेवले आणि हळूच बाहेरच्या बाजूला फिरवले. "एक गुडघा या खिडकीकडे, एक त्या खिडकीकडे. तू मध्ये." मराठी तोडकंमोडकं, पण खिडक्या बरोबर. छोटी दोन आवर्तनं टिकली, परत गुडघे पुढे. बेन परत वाकल्या. वीस मिनिटांत असं चारदा झालं, आणि चारही वेळा आवाज तोच, पहिल्यासारखा. माझा निर्णय तिथेच झाला.

फीचं विचारलं. महिना हजार, आठवड्यातून दोनदा. ॲडव्हान्स देऊ का म्हटलं तर म्हणाल्या, "पहेलां महिनो जोइए, पछी वात." आधी महिनाभर बघू, मग बोलू. घुंगरू कधी आणायचे? वर्षभर नकोत. पोशाख? सुती सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. खर्च तो एवढाच.

इथे एक इशारा देते. अशा ठिकाणी मूल घातलं की पहिले चार-पाच महिने पाहुण्यांना दाखवायला काही नसतं. नणंद आली, म्हणाली, "नाच करून दाखव गं." मोठीने अर्धं बसून 'तै या तै' केलं. नणंदेने वाट बघितली. तेवढंच होतं.

गरब्याचंही सांगायला हवं, कारण बडोद्यात क्लास लावताना तो हिशेबात धरावाच लागतो. नवरात्राच्या महिनाभर आधी गावातला जवळजवळ प्रत्येक डान्स क्लास गरब्याचा क्लास होतो. काही आईबापांना याचा राग येतो, फी नाचाची आणि शिकवतात गरब्यातला दोडियो. मला नाही येत. आमचा गरबा मैदानावर गोल फिरत, अनवाणी, समोर गाणारे-वाजवणारे बसलेले असतात. चार रात्री त्या गोलात फिरलेल्या पोराला लय शिकवावी लागत नाही. बेन तर सरळ दहा दिवस सुटी देतात. म्हणतात, क्लास ठेवला तरी येणार कोण, मीच येणार नाही.

आता धाकटा. तो सात वर्षांचा, आणि हाताला लागेल ते बडवतो: डबा, पाट, बहिणीची पाठ. त्याला तबला हे ठरलेलंच होतं. बडोद्यात तबला म्हटलं की जाणकार अजराडा घराण्याचं नाव घेतात, कारण सुधीरकुमार सक्सेना हे हबीबुद्दीन खाँसाहेबांचे शागीर्द इथे येऊन राहिले आणि म्युझिक कॉलेजात त्यांनी पिढ्या घडवल्या. टपरीवरच्या दोन मुलांनी ज्या सरांचं नाव सांगितलं ते त्याच वळणाचे, गावातल्या वाडी भागात राहतात.

पण सरांकडे जायच्या आधी मी एक शहाणपणा केला. तबला विकत घेतला. पोराचे हात लहान, म्हणून दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, तोही लहान तोंडाचा, पाच इंची. शिसवी लाकूड, तांब्याचा बाया, चुंबळी, हातोडी, वर गादीची खोळ फुकट. दुकानदाराने विचारलंही होतं, "स्वर कुठला पाहिजे?" मी म्हटलं, "लहान मुलांचा." तो बिचारा काय करणार.

सरांनी पिशवी उघडली, दायाच्या चामडी पुडीवर एक 'ना' वाजवला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडची सगळी मुलं पेटीबरोबर काळी एकला, म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून, वाजवतात. लहान तोंडाचा दाया वरच्या स्वरात बोलतो. त्याला काळी एकपर्यंत खाली आणायचा तर ढिला करावा लागतो. सरांनी तरी प्रयत्न केला. कडेचे लाकडी गट्टे वर सरकवले, पुडीच्या काठच्या गजऱ्याला खालून ठोके दिले, फिरवत फिरवत सगळी घरं मिळवली. स्वर आला, पण 'ना'ची धार गेली, ओल्या पापडावर बोट मारल्यासारखा आवाज. "ताई, लहान हाताला लहान तबला नसतो," सर म्हणाले. "हात वाढतो. स्वर तोच राहतो." दाया बदलून साडेपाच इंचीच्या जवळचा घेतला, त्यात चौदाशे रुपये गेले. तेव्हा वाद्य आधी घेऊ नका. शिक्षक ठरवा, त्यांच्याबरोबर जाऊन घ्या, किंवा त्यांनाच आणायला सांगा. आणि पावसाळ्यात पुडीवरच्या काळ्या शाईला ओल लागू देऊ नका. आमच्याकडे तबला आता धान्याच्या कपाटात राहतो, घरातली सगळ्यात कोरडी जागा ती.

पहिले तीन आठवडे तर धाकट्याने तबल्याला हातच लावला नाही. सर म्हणतात, आधी तोंडाने. "धा धिं धिं धा", हातावर टाळी, नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात सोडायचा. स्कूटरवर माझ्या मागे बसून तो मांडवीपर्यंत तीनताल म्हणायचा आणि सिग्नलला खाली यायची तेव्हा हात हवेत सोडून द्यायचा. मागच्या रिक्षावाल्यांना वाटायचं हा वळायची खूण करतोय.

गाण्याचा भाग सासूबाईंचा, आणि तो मी थोडक्यात सांगते, कारण त्यात शोध असा घ्यावा लागला नाही. लग्नाआधी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या. क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण, वर अलंकार. पाच झाल्या आणि लग्न झालं. आता पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन सुरू करून बघितलं, पण आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गाणं एकीकडे आणि ठेका भलतीकडे. तालात एकत्र काही होतच नाही. मग आमच्याच गल्लीतल्या एक ताई आठवड्यातून एकदा घरी येऊ लागल्या. परीक्षा द्यायची का असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मला कशाला सर्टिफिकेट? स्मशानात दाखवायला?" मुलांच्या बाबतीत माझं मत असं की परीक्षा असावी, पण तिसऱ्या वर्षानंतर. ज्या क्लासात दर वर्षी सगळे पहिल्या वर्गात पास होतात आणि तेवढंच भिंतीवर लावलेलं असतं, तिथे परीक्षेचे पाच राग सोडून सहावा विचारून बघा.

नाचाचे हजार, तबल्याचे बाराशे, गाण्याचे आठशे. महिन्याचे तीन हजार झाले, पेट्रोल वेगळं. आधीच्या एसी हॉलचे एकट्या मोठीचेच अडीच हजार होते.

अजून एकच अडचण निघाली. सहा महिन्यांनी सरांनी धाकट्याला कायदा, म्हणजे बोलांची एक बांधलेली रचना, दिला आणि म्हणाले, आता घरी लेहऱ्यावर रियाज करायचा. लेहरा म्हणजे पेटीवर किंवा सारंगीवर सोळा मात्रांची तीच ती धून सारखी वाजवत राहायची, म्हणजे तबलजीला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते कळतं. मी फोन काढून ॲप दाखवलं. सरांनी ते ऐकलं, छान आहे म्हणाले, आणि विचारलं, "घरात पेटी आहे ना? मग कुणीतरी वाजवा. यंत्र याच्यासाठी थांबत नाही आणि याच्याबरोबर पळतही नाही. माणसाबरोबर वाजवायची सवय लागू दे."

सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडलेली, दोन आवर्तनांत दुखायला लागतात. नवऱ्याला घरी यायला साडेनऊ. म्हणजे मी. मला सा कुठला तेही माहीत नव्हतं. सासूबाईंनी काळी एकवर खडूने टिंब काढलं. धून चंद्रकंस रागातली: सा, कोमल ग, म, कोमल ध, शुद्ध नि, एवढे पाचच स्वर. पाचच असूनही मला महिना लागला. उजव्या हाताने स्वर, डाव्या हाताने भाता, आणि भाता आठवला की बोटं थांबतात. सासूबाई शेजारी बसून माझ्या मनगटावर पट्टीने नाही पण चष्म्याच्या डबीने टोकायच्या. "समेवर जोर दे गं. भाजी ढवळल्यासारखं सगळं सारखं नको."

आता मला एक लेहरा येतो. एकच. शेजारच्या जोशीकाकूंना तो पाठ झालाय.

गेल्या मंगळवारी सरांकडे पेटीवर बसणारा मुलगा आजारी होता, म्हणून त्यांनी मलाच बसवलं. तीन मुलं समोर, मी खडूच्या टिंबाशिवाय. दारात एक नवीन बाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स, न सांगता आलेल्या दिसत होत्या. त्या बघतायत म्हटल्यावर माझी बोटं पळायला लागली. मला कळलंच नाही. धाकट्याने हात उचलले आणि सरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "मम्मी, लय वाढली."

सर काही बोलले नाहीत, मांडीवर हाताने आधीची लय दाखवली. दारातल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. मी भाता सोडला, पुन्हा भरला आणि समेपासून सुरू केलं.